खालची ओळ धरणारे

इटालियन संगीतकार क्लाउडिओ मोंतेवेर्दीचा मॅड्रिगल म्हणजे अनेक आवाजांत गायच्या गीतांचा आठवा संग्रह १६३८ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात एका वनकन्येचा विलाप आहे. प्रियकर दुसरीकडे गेलाय, अजून उजाडलेलं नाही, ती घराबाहेर येते आणि रडत रडत गाते. तीन पुरुषांचे आवाज बाजूला उभे राहून 'बिचारी गं, बिचारी' म्हणत राहतात. आणि या सगळ्याच्या खाली चार सूर आहेत: सा, कोमल नि, कोमल ध, प. पुन्हा सा, कोमल नि, कोमल ध, प. असं ३४ वेळा. 'त्याला परत आण' म्हणते तेव्हा तेच चार सूर, 'नाहीतर मला मारून टाक' म्हणते तेव्हाही तेच. 'ती दुसरी काही माझ्याहून गोड मुके द्यायची नाही' असं फणकाऱ्याने म्हणते, तेव्हाही खाली काही बदलत नाही.

लोक त्या बाईचं गाणं ऐकतात आणि तेच रास्त आहे. माझे कान मात्र खाली जातात. यूट्यूबवर या गाण्याच्या चित्रफिती बघताना कॅमेरा गायिकेच्या चेहऱ्यावरून हलत नाही, आणि मी कोपऱ्यात अर्धामुर्धा दिसणाऱ्या त्या थिऑर्बोवाल्याची बोटं शोधत बसतो. लांब मानेचं ते वाद्य मांडीवर घेऊन बसलेला माणूस काय विचार करत असेल? बाराव्या खेपेला? सत्ताविसाव्या?

हा प्रश्न मला पडतो याला कारण आहे. शाळा-कॉलेजच्या वयात मी तबल्याच्या एका क्लासात लेहरा धरायचो. पेटी मला जेमतेम येत होती. मावसभाऊ तिथे तबला शिकायचा, गुरुजींना पेटीवर कोणीतरी हवं होतं, आणि मी दर वेळी दादाबरोबर जायचोच. झालं. एकल तबलावादनात तबलजी पेशकार, कायदे, रेले, तुकडे वाजवतो आणि शेजारी सारंगी किंवा पेटी एका आवर्तनाची छोटीशी धून न थांबता वाजवत राहते. तोच लेहरा, काही जण त्याला नगमा म्हणतात. त्रितालातली चंद्रकंसाची एक धून मी इतकी वाजवलीय की आजही बस सिग्नलला थांबली की बोटं मांडीवर तीच चालू करतात.

लेहरेवाल्याला टाळ्या पडत नाहीत, आणि पडूही नयेत. पहिली दोन-तीन आवर्तनं लोक धून ऐकतात, पुढे ती ऐकू येणं बंद होतं. परत ऐकू येते ती फक्त चुकली तर. पण तिथे बसून काही गोष्टी कळतात, ज्या समोर सतरंजीवर बसून कळत नाहीत. तबलजी कुठे समेला हुलकावणी देतोय, कुठे मुद्दाम आडीत शिरून शेवटच्या क्षणी परत येतोय, हे माझ्या बोटांना आधी कळायचं. कारण त्याचं सगळं जाणं-येणं माझ्या धुनेपासून आणि धुनेपाशी होतं. मी तिळभर हललो असतो तर त्याच्या हलण्याला अर्थ राहिला नसता. गुरुजी डोळे मिटून म्हणायचे, "पेटी, तू ऐकू नकोस रे त्याचं. तू ऐकायला लागलास की वाहवत जाशील."

पुढे युरोपीय संगीत ऐकायला लागलो आणि पासाकाल्या नावाचा प्रकार कानावर आला, तेव्हा हे वाक्य आठवलं. पासाकाल्यात खालच्या आवाजात चार-आठ मापांची (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण) एक ओळ असते. ती पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्यावर दर खेपेला नवं काहीतरी बांधलं जातं. एवढाच सांगाडा. खालची ओळ वरच्याचं ऐकत नाही. वरच्याला मात्र तिचं ऐकावंच लागतं. चारशे वर्षं माणसं या एका अडचणीत काय काय करत आली, ते मला खालच्या बाजूने सांगावंसं वाटतं.

सुरुवात अगदी साधी आहे, थोडी गमतीचीही. १७ व्या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये गिटारवाले दोन कडव्यांच्या मधली जागा भरायला तीन-चार स्वरसमूह झणकारत राहायचे. गाणाऱ्याने दम घ्यावा, पुढचे शब्द आठवावेत, तोवर हे चालू. नाव पडलं तेही रस्त्यातून चालण्यावरून: स्पॅनिशमध्ये पासार म्हणजे जाणं, काये म्हणजे रस्ता. इटलीत १६०६ साली मोंतेसार्दो नावाच्या गृहस्थाने फ्लॉरेन्सला गिटारचं पुस्तक छापलं. त्यात प्रत्येक स्वरसमूहाला एकेक रोमन अक्षर दिलेलं होतं. अक्षर बघायचं, बोटं ठेवायची, झणकारायचं. पासाकाल्या छापील रूपात दिसतो तो इथे, 'जागा भरा' म्हणून. त्यात दुःख नाही की गांभीर्य नाही. मग रोमच्या सेंट पीटर्समधल्या ऑर्गनवादक फ्रेस्कोबाल्दीने हे भरताड उचललं आणि १६२७ मध्ये त्याची रूपं रचून छापली. १६३७ मध्ये तर 'शंभर रूपं' अशा नावाचीच रचना केली, आणि वर सूचना दिली की ज्याला जेवढं आवडेल तेवढं सुटं करून वाजवावं. मला ही सूचना फार आवडते. स्वतः शंभर रूपं रचून ठेवणारा माणूस सगळी वाजवाच असा आग्रह धरत नाही.

भरताडाचा विलाप कसा झाला? याचं एक कारण सुरांतच आहे. सा पासून प पर्यंत पायरी पायरीने खाली येणारी ती ओळ ऐकायला उतरतीच आहे, आणि प वर पोचल्यावर ती थांबत नाही. परत वर जाऊन पुन्हा उतरायला लागते. ज्याला विसरता येत नाही त्याचं मन असंच चालतं. पण खरी किमया मोंतेवेर्दीने केली ती लयीत. विलापाच्या छापील प्रतीत त्याने लिहून ठेवलंय की तिन्ही पुरुषांनी हाताच्या तालावर गायचं आणि वनकन्येने मनाच्या भावनेच्या लयीत, हाताच्या नव्हे. म्हणजे चार सूर काटेकोर आपल्या वेळेला पडणार, आणि ती त्यांच्या पुढे-मागे, कधी उशिरा, कधी मधूनच. ओळ संपते तेव्हा तिचं वाक्य अर्धं असतं. तिचं वाक्य संपतं तेव्हा ओळ कुठेतरी कोमल ध वर.

लेहऱ्याशी या प्रकाराचं नातं इथपर्यंत जमतं आणि इथेच सुटतंही. तबल्याला माझ्या धुनेच्या सुरांशी देणंघेणं नव्हतं, फक्त मात्रांशी होतं. इथे वरच्याकडेही सूर आहेत, त्यामुळे खालचा सूर वरच्याचा रंग ठरवतो. खाली कोमल ध असताना वर कोमल ग लावला तर दोघं निवांत बसतात. त्याच कोमल ध वर प लावून धरला की कळ येते. गाणारीने एकच सूर लांबवला तरी खालची पायरी सरकते आणि तो सूर गोडाचा कडू होतो, कडवटाचा सुसह्य होतो. तिने काहीही केलेलं नसतं. हे पेटीवर करून बघा, डाव्या हाताने हवा आणि उजव्याने दोन सूर, एवढ्यात कळेल.

लंडनच्या हेन्री पर्सेलने हीच उतरंड घेतली आणि तिच्या पायऱ्या अर्ध्या केल्या. सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, प. 'डायडो अँड इनियस' या त्याच्या ऑपेराच्या शेवटी कार्थेजची राणी डायडो मरण्यापूर्वी गाते, त्याच्या तळाशी ही ओळ आहे. १६८९ च्या सुमारास हा ऑपेरा चेल्सीमधल्या मुलींच्या एका शाळेत झाल्याची नोंद आहे, हे वाचल्यापासून मला त्या शाळेतल्या मुलींचं कौतुक वाटत आलंय. ओळ पाच मापांची आहे. पाच हा आडमुठा आकडा; गाण्याच्या ओळी सहसा दोन-चार-आठात बसतात. पर्सेल डायडोची वाक्यं मुद्दाम खालच्या ओळीच्या जोडावरून नेतो. जिथे खाली शेवट होतो तिथे वर ती मध्यावर असते, आणि जिथे ती थांबते तिथे खाली नवी फेरी सुरू झालेली असते. त्यामुळे ११ वेळा ओळ येऊनही ती मोजाविशी वाटत नाही. 'मला आठवा' हे शब्द ती एकाच सुरावर म्हणते, पुन्हा पुन्हा त्याच सुरावर. खाली ती उतरंड चालूच. तिचं गाणं संपतं, ओळ संपत नाही. आता व्हायोलिनीसुद्धा तशाच अर्ध्या पायऱ्यांनी उतरायला लागतात. आज लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सेनोटाफ या युद्धस्मारकापाशी दर नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी लष्करी बँड ही धून वाजवतो. शाळेतल्या मुलींकडून सैनिकांच्या बँडपर्यंत, राणीचे शब्द गळून गेले आणि खालची ओळ उरली.

पासाकाल्या आणि त्याचा जुळा भाऊ म्हणावा असा शाकॉन यांत नेमका फरक काय, यावर संगीतशास्त्राच्या मंडळींनी पुष्कळ शाई खर्च केलीय. फ्रांस्वा कूपरॅंने १७२८ साली आपल्या एका रचनेला 'पासाकाय किंवा शाकॉन' असंच नाव देऊन टाकलं. त्याला फिकीर नव्हती, तर मला कशाला? फ्रान्समध्ये तर हा नाचाचा प्रकार होता. १६८६ च्या 'आर्मीद' ऑपेरात लुलीने शेवटच्या अंकात लांबलचक पासाकाय घातला तो प्रेमाच्या सुखात बुडालेल्या नायकाचं मन रमवायला. रस्त्यावरचं वळणही पुसलं गेलं नाही. स्पेनमध्ये आजही जत्रेत गल्लीबोळांतून फिरणाऱ्या बँडला तेच नाव आहे, आणि समुद्रापार इक्वाडोरमध्ये पासाकाये म्हणजे आपल्या गावाची शेखी मिरवणारं नाचतं गाणं. त्या चार उतरत्या सुरांचं म्हणाल तर रे चार्ल्सचं १९६१ चं 'हिट द रोड जॅक' लावा. खाली तेच सा, कोमल नि, कोमल ध, प. तिथे बाई रडत नाही, नवऱ्याला घराबाहेर हाकलते! मोंतेवेर्दीच्या वनकन्येला हे सुचलं असतं तर बरं झालं असतं असं मला अधूनमधून वाटतं.

आता खरी गंमत. वरचा आणि खालचा अशी दोन माणसं असतील तर एक राबतो, एक फुलतो, हे ठीक. पण माणूस एकच असेल तर? साल्झबुर्गच्या हाइनरिश बीबरने १६७६ च्या सुमारास कॅथलिक जपमाळेतल्या १५ रहस्यांवर, म्हणजे येशू आणि मेरीच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर, व्हायोलिनचे १५ सोनाटा लिहिले, आणि शेवटी एकट्या व्हायोलिनसाठी पासाकाल्या. साथीला कोणी नाही. तीच चार सुरांची उतरंड, ६५ वेळा, आणि तिच्यावर जे काही चाललंय तेही त्याच चार तारांवर, त्याच एका हाताने. हस्तलिखितात या रचनेपाशी बालकाचा हात धरून चाललेल्या रक्षक देवदूताचं चित्र आहे. व्हायोलिनवादक दोन्ही भूमिका करतो, बोट धरणाऱ्याची आणि धरलेल्याची. मी हे ऐकताना फक्त खालचे चार सूर ऐकायचा प्रयत्न करतो आणि कधी ना कधी हरवतो. ते कधी ठळक असतात, कधी नुसते स्पर्श करून सोडलेले, कधी एक सप्तक वर. वादकाने सोडलेले नसतात. मला मिळत नाहीत एवढंच. गुरुजींच्या क्लासात एकदा पेटीचा भाता फाटला होता, तेव्हा दादाने मनातल्या मनात लेहरा धरून अख्खा कायदा वाजवला होता, आणि समेवर येताना माझ्याकडे बघून हसला होता. बीबर ऐकताना ते हसू आठवतं.

ऑर्गनवाल्याची सोय वेगळी. त्याच्या पायाखाली खर्जाच्या सुरांची लाकडी पट्टी असते, त्यामुळे लेहरा पायांना आणि बाकी सगळं हातांना. योहान सेबास्टियन बाखचा सी मायनरमधला पासाकाल्या सुरू होतो तो एकट्या पायांनी. हात मांडीवर. आठ मापांची ओळ, सा वरून उडी मारून प, तिथून चढत-उतरत शेवटी अगदी तळाच्या सा वर. तिचा पूर्वार्ध आंद्रे रेझाँ नावाच्या पॅरिसच्या ऑर्गनवादकाच्या १६८८ च्या पुस्तकातल्या एका छोट्या पासाकायशी जुळतो. उत्तरार्ध बाखचा. तो किती खोल आहे हे चांगल्या ऑर्गनसमोर बसल्यावर बाकाच्या लाकडातून कळतं, असं म्हणतात. मी हेडफोनवर समाधान मानतो.

बाख विशीत असताना, १७०५ च्या शरदात, आर्नश्टाटहून ल्युबेकला डीटरिश बुक्स्टेहुडचं वादन ऐकायला गेला. सुमारे ४०० किलोमीटर, आणि सांगतात की पायी. चार आठवड्यांची रजा घेऊन गेलेला माणूस चार महिन्यांनी परतला आणि चर्चच्या मंडळींनी त्याला फैलावर घेतलं. बुक्स्टेहुडच्या डी मायनर पासाकाल्यात ओळ २८ वेळा येते, सात-सातचे चार गट, आणि मधल्या दोन गटांत ती ओळच आपला सा बदलून दुसऱ्या स्वरस्थानी जाऊन बसते. लेहरेवाल्याने मध्येच पेटीची पट्टी बदलावी तसं. ओर्ड्रुफला राहणाऱ्या बाखच्या थोरल्या भावाने एका वहीत दोन्ही पासाकाल्या उतरवून ठेवले, बुक्स्टेहुडचा आणि धाकट्या भावाचा. बाखच्या स्वतःच्या हातची प्रत हरवली. आपल्यापर्यंत ती रचना पोचली ती भावामुळे.

बाखची ओळ २० रूपांतून जाते. पहिली दहा रूपं पाय इमानदारीने राबतात. अकराव्याला ती ओळ सगळ्यात वरच्या आवाजात जाते. इतका वेळ जी तळाशी होती ती डोक्यावर, आणि पाय गप्प. पुढे ती विरत जाते, चढत्या-उतरत्या सुरांच्या लडीत नुसती सुचवलेली राहते. मग सोळाव्याला ओळ पुन्हा पायांत येते आणि मला दर वेळी हायसं वाटतं. लेहरा धरणाऱ्याच्या कानाने सांगतो, ही तीन-चार रूपं ऐकताना मी खरोखर अस्वस्थ होतो. वीस रूपं झाली की रचना संपायला हवी. बाख संपवत नाही. तो ओळीचे दोन तुकडे करतो, पहिला अर्धा घेतो आणि त्याचा फ्यूग रचतो. त्यात ती अर्धी ओळ या आवाजातून त्या आवाजात, वेगवेगळ्या स्वरस्थानांवर धावत फिरते. इतका वेळ जागचं न हलणारं आता सगळीकडे हिंडतंय. ज्याने कोणाचं ऐकायचं नव्हतं, त्याला बाखने बोलता केलं.

ब्राम्सने हे नीट पाहिलं होतं. १८८५ च्या ऑक्टोबरात मायनिंगेनला त्याने स्वतः संचालन करून आपली चौथी सिंफनी पहिल्यांदा सादर केली, तिचा शेवटचा भाग असाच: आठ मापांची ओळ, ३० रूपं आणि समारोप. ओळ बाखच्या एका कँटाटातून (चर्चमध्ये गायच्या रचनेतून) घेऊन थोडी वाकवलेली. सिंफनीचे पहिले तीन भाग ट्राँबोनवाले मुकाट बसून असतात आणि चौथ्याच्या पहिल्या मापाला उठतात. मला आधी त्यांची दया यायची. आता कळतं की तेवढा वेळ गप्प बसल्याशिवाय तो आवाज तसा लागलाच नसता. मधेच लय संथ होते आणि बासरी एकटी गाते. तिथे ओळ इतकी झाकलेली आहे की तिशीतल्या ऐकणाऱ्याला ती सापडत नाही आणि साठीतल्याला शोधावीशी वाटत नाही.

इथे मुंबईचा एक धागा आहे, तोही सांगून टाकतो. कैखुश्रू शापूरजी सोराबजी हा संगीतकार १८९२ साली इंग्लंडात जन्मला, वडील मुंबईचे पारशी, इंजिनिअर. त्याने १९३० मध्ये 'ओपुस क्लाविचेंबालिस्टिकुम' नावाची पियानोची रचना पुरी केली. वाजवायला चार तासांहून जास्त. तिच्यात ८१ रूपांचा पासाकाल्या आहे. त्याच वर्षी डिसेंबरात ग्लासगोला त्याने ती स्वतः वाजवली, आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या रचना इतरांनी जाहीर वाजवू नयेत असा पवित्रा घेतला. फ्रेस्कोबाल्दीच्या अगदी उलट स्वभाव. मला या माणसाबद्दल अपार कुतूहल आहे, संगीत मात्र एका बैठकीत झेपत नाही. ८१ रूपांनंतर खालची ओळ धरणाऱ्याला पेन्शन मिळायला हवी.

२० व्या शतकात या प्रकाराला एकदम बरे दिवस आले. बरे म्हणजे काळ वाईट होता म्हणून बरे. आल्बान बेर्गच्या 'वोत्सेक' ऑपेरात, बर्लिन १९२५, एक डॉक्टर एका गरीब शिपायाला दिवसाला चार पैसे देऊन नुसत्या शेंगांवर ठेवतो, प्रयोग म्हणून. शिपायाचं डोकं फिरत चाललंय, तो काहीतरी सांगू बघतो, डॉक्टर रस्त्यात खोकलास म्हणून झापतो. बेर्गने हा प्रवेश पासाकाल्यात बांधला: बारा सुरांची एक ओळ, तिची २१ रूपं. आजवर खालची ओळ म्हणजे नशीब होतं, मृत्यू होता, देवदूत होता. इथे पहिल्यांदा ती एका माणसाच्या डोक्यात बसलेली कल्पना आहे. डॉक्टर स्वतःच न ऐकणारी ओळ झालाय आणि आपण अजरामर होणार म्हणून खूश आहे. मी ज्यांच्या बाजूने लिहायला बसलोय, त्यांच्या बाजूचा हा सगळ्यात भीतिदायक माणूस. न ऐकणं हा गुण पेटीवर बसलेल्याने अंगी बाणवावा. खुर्चीवर बसलेल्याने नव्हे.

बेंजामिन ब्रिटनच्या 'पीटर ग्राइम्स'मध्ये, लंडन १९४५, पडदा पडलेला असताना पासाकाल्या वाजतो. ग्राइम्स या कोळ्याने नुकताच त्याच्यावर माया करणाऱ्या बाईवर हात उगारलेला आहे आणि 'देवा, मला क्षमा कर' अशा अर्थाचं एक वाक्य गाऊन तो निघून गेलाय. त्याच वाक्याचे सूर आता चेलो आणि डबल बास बोटांनी छेडत राहतात. ओळ ११ मात्रांची आणि वरचा हिशेब चारचा, त्यामुळे सम दर फेरीला वेगळ्याच जागी पडते. आपल्याकडच्या कोणालाही ऐकवा, तो मात्रा मोजायला लागेल आणि तिसऱ्या आवर्तनाला हसेल. हसू फार टिकत नाही, कारण वर एकटा व्हायोला गातोय, आणि तो ग्राइम्सच्या हाताखाली राबणाऱ्या पोरक्या मुलाचा आवाज मानला जातो. अख्ख्या ऑपेरात त्या मुलाला गायला एक ओळ नाही. एक किंकाळी आहे, तीही पुढे. ब्रिटन स्वतः व्हायोला वाजवायचा.

आणि रशियाचा शोस्ताकोविच. त्याने आयुष्यात पासाकाल्या बरेच लिहिले, ऑपेरात, आठव्या सिंफनीत. पण मला सांगायचंय ते दोन.

१९४४ च्या फेब्रुवारीत त्याचा जिवलग मित्र इव्हान सोलेर्टिन्स्की नोव्होसिबिर्स्कला अचानक गेला. त्याच्या स्मरणार्थ शोस्ताकोविचने पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी दुसरी ट्रिओ लिहिली. तिसरा भाग पासाकाल्या. पियानोवर आठ स्वरसमूह, जड, संथ, एकामागे एक. पुन्हा तेच आठ. सहा वेळा. बाकी काही पियानोला दिलेलं नाही. वर आधी व्हायोलिन, मग चेलो, एकमेकांच्या मागे हळूहळू गात जातात. १४ नोव्हेंबर १९४४ ला लेनिनग्राडमध्ये पहिला कार्यक्रम झाला तेव्हा पियानोवर कोण होतं? शोस्ताकोविच. तो उत्तम पियानिस्ट होता, मित्रासाठी रडायचं होतं तर वरचे सूर स्वतःकडे घेता आले असते. त्याने स्वतःकडे आठ स्वरसमूह ठेवले आणि रडणं दुसऱ्यांना दिलं. आपण लेहरा धरला. हे वाचलं तेव्हापासून ही ट्रिओ लावताना मी पियानो बाकी दोघांपेक्षा मोठा ऐकू यावा म्हणून स्पीकर सरकवून बघतो. अर्थात त्याने काही फरक पडत नाही. पुढच्या भागात, नाचाच्या बेभान सुरांनंतर, शेवटाशी तेच आठ स्वरसमूह परत येतात.

दुसरा, व्हायोलिनच्या पहिल्या कॉन्चेर्टोतला, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठी ऑर्केस्ट्राच्या साथीने लिहिलेल्या रचनेतला. हा तो लिहीत होता १९४७-४८ मध्ये. १९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट पक्षाने संगीतकारांविरुद्ध फतवा काढला, त्यात त्याचं नाव होतं, आणि पुरा झालेला कॉन्चेर्टो खणात गेला. बाहेर आला स्टालिन गेल्यानंतर, २९ ऑक्टोबर १९५५ ला लेनिनग्राडमध्ये. डेव्हिड ऑइस्ट्राखचं व्हायोलिन, येव्गेनी म्राविन्स्कीचं संचालन. तिसरा भाग पासाकाल्या आहे आणि त्याची ओळ १७ मापांची. १७! पाचाला आडमुठा म्हटलं मी, तर हा त्याचा बाप. आधी चेलो आणि डबल बास, वर हॉर्नची ललकारी, सरकारी सोहळ्यात शोभेल अशी. मग ओळ ट्यूबा आणि बासूनकडे. व्हायोलिन बऱ्याच वेळाने येतं आणि ओळीकडे लक्ष न देता आपलं लांब गाणं गात राहतं. फेऱ्या वाढतात, आवाज वाढतो, आणि मग एका फेरीला व्हायोलिन आपलं गाणं सोडतं आणि खालची ओळच उचलतं. दोन तारांवर, सप्तकाच्या जोडीत, सगळा जीव लावून. इतका वेळ जे त्याच्या खालून चाललं होतं, जे त्याने निवडलेलं नव्हतं, ते आता त्याच्याच तोंडी.

त्यानंतर ओळ हळूहळू मागे जाते, वाद्यं एकेक करून थांबतात, आणि व्हायोलिन एकटं राहतं. तिथून लांबलचक काडेन्झा सुरू होतो, साथीशिवायचं एकट्याचं वादन, साध्या तुटक सुरांपासून ते हात मोडेल अशा वेगापर्यंत. लेहरा बंद झालाय आणि तबलजीने वाजवायचंय. मी क्लासात असतो तर घाबरून पेटी परत सुरू केली असती. काडेन्झा थांबतच नाही. तो तसाच धावत शेवटच्या भागात शिरतो. आणि शोस्ताकोविचने मुळात त्या शेवटच्या भागाची पहिली धूनही व्हायोलिनलाच दिली होती. ऑइस्ट्राखने तालमीच्या काळात त्याला विनंती केली की पहिली आठ मापं ऑर्केस्ट्राला द्या, निदान कपाळावरचा घाम तरी पुसता येईल. शोस्ताकोविच लगेच हो म्हणाला, आणि ती आठ मापं ऑर्केस्ट्राची झाली.